झाकल्या मुठीतली माती

अमेरिकेतल्या छोट्या नगरपालिकांना तिथल्या संघीय पर्यावरण संस्थेकडून, म्हणजे ‘ईपीए’कडून, एक चमत्कारिक अनुदान मिळते. बंद पडलेला कारखाना, जुना पेट्रोल पंप, ड्रायक्लीनिंगचे दुकान अशा जागेच्या मातीत काय मुरले आहे ते शोधण्यासाठी हे पैसे असतात. माती साफ करण्यासाठी नव्हे, नुसती तपासण्यासाठी. अशा जमिनींना तिकडे ‘ब्राउनफील्ड’ म्हणतात आणि त्या साडेचार लाखांहून अधिक आहेत असा ईपीएचाच अंदाज आहे. तीन किंवा अधिक स्थानिक संस्था एकत्र आल्या तर रक्कम वाढते. पूर्वी अशा आघाडीला सहा लाख डॉलरपर्यंत मिळत, पुढे ही मर्यादा दहा लाखांपर्यंत वाढली. करदात्यांचे कैवारी आणि पर्यावरणवादी दोघेही या योजनेवर तुटून पडतात. ज्यांची जमीन तपासायची ते मालक तर फाटकच उघडत नाहीत. आक्षेप घेणारे मूर्ख नाहीत, पण त्यांचा नेम बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी लागतो.

सर्वांत लोकप्रिय आक्षेप असा: तपासणीने एक चमचा मातीही स्वच्छ होत नाही, मग सल्लागार कंपन्यांचे खिसे भरून जाडजूड अहवाल कशाला करायचे? तेच पैसे साफसफाईला द्या.

ऐकायला हे रोखठोक वाटते, पण जमीन पडून का राहते हेच त्यात विचारलेले नाही. ती विषारी असते म्हणून पडून राहते, हे अर्धेच खरे आहे. 1980 साली ‘सुपरफंड’ म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला. प्रदूषणाची जबाबदारी त्याने मूळ गुन्हेगाराबरोबर जमिनीच्या आजच्या मालकावरही टाकली. दोष असो वा नसो, आणि वेळ पडली तर सगळा खर्च एकट्याच्या डोक्यावर. परिणामी प्रामाणिक गिऱ्हाईकही अशा जमिनीपासून दहा हात लांब राहू लागले. मातीत दोन लाख डॉलरचे काम आहे हे कळले तर गिऱ्हाईक किंमत दोन लाखांनी पाडून मागेल आणि व्यवहार होईल. काम दोन लाखांचे आहे की दोन कोटींचे हेच कळत नसेल तर कोणतीही बँक त्या फायलीला हात लावणार नाही. तपासणीच्या अनुदानातून विकत घेतला जातो तो हा आकडा. 2002 च्या ब्राउनफील्ड कायद्याने आणखी एक दार उघडले. खरेदीआधी रीतसर चौकशी करणाऱ्या आणि नंतर जमिनीची योग्य काळजी घेणाऱ्या नव्या मालकाला जुन्या पापांपासून संरक्षण मिळाले. ज्या कागदाची टिंगल होते, तो कायद्याच्या दृष्टीने ढाल आहे.

हा कागद तयार कसा होतो तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या टप्प्यात माती खणतच नाहीत. जुनी खरेदीखते, शहराच्या निर्देशिका, विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे बाहेर निघतात. आगीच्या विम्याचा धोका मोजता यावा म्हणून या कंपनीने एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकेतल्या हजारो गावांचे इमारतनिहाय नकाशे काढले. भिंत विटांची की लाकडाची, बॉयलर कुठे, तेलाची टाकी कुठे, मुलामा देण्याची खोली कोणती, सगळे त्यात. विमा कंपनीने स्वतःच्या नफ्यासाठी केलेली ही चोख नोंद आज प्रदूषण शोधणाऱ्याच्या कामी येते. सरकारी दप्तरांत इतकी बारीक नजर क्वचित सापडते. मग जुन्या कामगारांना विचारतात: पिंपे कुठे ओतायचे? संशय बळावला तरच दुसरा टप्पा येतो. बोअर घेऊन माती आणि भूजलाचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि खर्च हजारांवरून लाखाकडे सरकू लागतो.

म्हणजे तपासणी हवी. पण ती एकत्र कशाला? एका नगरपालिकेत फाइल हलत नाही, तिथे पाच मिळून काय करणार? एक ना धड, भाराभर चिंध्या! आघाड्यांचे राजकारण पाहिलेल्या मराठी वाचकाला हा आक्षेप लगेच पटेल.

याचे उत्तर कनेक्टिकट राज्यातल्या नॉगाटक नदीच्या खोऱ्यात मिळते. साधारण चाळीस मैलांची ही नदी डर्बी गावी हाऊसाटॉनिकला मिळते. तिच्या काठी एका शतकाहून अधिक काळ पितळ, तांबे, घड्याळे आणि रबर यांचे कारखाने धडधडत होते. वॉटरबरीला ‘पितळनगरी’ म्हणत. 1920 च्या दशकात तिथल्या घड्याळांच्या कारखान्यात तरुण मुली अंधारात चमकणारे आकडे रेडियमच्या रंगाने रंगवत, कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठात धरत, आणि त्यातल्या काही त्या विषाने मेल्या. थोडे खाली नॉगाटक हे रबराचे गाव. केड्सचे कॅनव्हासचे बूट तिथले, ‘नॉगाहाइड’ नावाचे नकली चामडेही तिथलेच. आणखी खाली सीमोर, अँसोनिया आणि राज्यातले सर्वांत छोटे शहर डर्बी. 1955 च्या ऑगस्टमध्ये महापुराने हे सगळे खोरे धुऊन काढले. कोणत्या गावच्या टाकीतले तेल कोणत्या गावच्या परसात गेले, याचा हिशेब कोण देणार? पुढे कारखाने गेले आणि मागे विटांचे सांगाडे राहिले.

आता प्रशासन पाहा. कनेक्टिकटमध्ये 169 नगरे आहेत आणि प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखा मधला थर तिथे नाही, कारण काउंटी सरकारे 1960 मध्येच बरखास्त झाली. बारा-तेरा हजार वस्तीच्या डर्बीने पर्यावरण अभियंता नेमायचा, संघीय अर्जाची शंभर कलमे भरायची, ईपीएला तिमाही अहवाल द्यायचे, तेही दोन-चार जागांसाठी? ते होत नाही, म्हणून वर्षानुवर्षे झालेच नाही. या खोऱ्यातल्या गावांनी 1990 च्या दशकाच्या मध्यातच ब्राउनफील्डसाठी प्रादेशिक भागीदारी सुरू केली. आज एकोणीस नगरांची नॉगाटक व्हॅली परिषद ती चालवते. अर्ज लिहिणारा माणूस एक, सल्लागारांची निवड एकदा, हिशेब एका ठिकाणी. वॉटरबरीसारखे मोठे शहर स्वतःच्या बळावरही निभावून नेईल. स्कोव्हिल कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर तिथे 1997 मध्ये भलामोठा मॉल उभा राहिला. पण डर्बीला असे गिऱ्हाईक मिळणार नव्हते. आघाडी करायची ती डर्बीसाठी. ईपीएच्या योजनेचा हेतूही हाच आहे: स्वतः अनुदान मिळवण्याची आणि सांभाळण्याची ताकद नसलेल्या संस्थांना ताकदवान भागीदाराच्या जोडीने आणणे.

मग प्रमुख सदस्य सगळे गिळून टाकेल की! ही भीती खरी आहे. एक सदस्य पैसे स्वीकारतो, बाकीच्यांशी सामंजस्य करार करतो, आणि करार ढिला असेल तर मोठ्याच्या जागा आधी तपासल्या जातात. पण याचे औषध करारातच आहे. कोणाच्या किती जागा, कोणत्या क्रमाने, निवडीचा निकष काय, हे आधी लिहून घ्यावे. ‘बाबू लोक खातील’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की 2018 च्या सुधारणेनंतरही अनुदानातला फार तर पाच टक्के भाग प्रशासकीय खर्चाला वापरता येतो, त्याआधी तेवढाही येत नव्हता. आपल्याकडच्या किती योजनांत ही मर्यादा पाळली जाईल, हा प्रश्न मी इथे उकरत नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप नैतिक आहे आणि तो मला सतावतो. कंपनीने शंभर वर्षे नफा कमावला, विष मातीत सोडले, पुढे ती दिवाळखोर झाली किंवा नाव बदलून निघून गेली. आणि आता तपासणीचे पैसे शिक्षक, नर्स, ट्रकचालक यांच्या करातून? हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी.

संताप योग्य आहे, निष्कर्ष नाही. प्रदूषणाबद्दल जी संस्था स्वतः कायद्याने जबाबदार ठरू शकते, तिला त्या जागेसाठी हे अनुदान वापरता येत नाही. सुपरफंडच्या राष्ट्रीय यादीतल्या, म्हणजे सर्वांत भयंकर, जागाही यातून वगळल्या आहेत, कारण तिथे गुन्हेगाराच्या मागे लागण्याची वेगळी यंत्रणा आहे. उरतात त्या बहुतांशी बेवारस किंवा कर थकल्यामुळे गावाच्या गळ्यात पडलेल्या जमिनी. तिथे चोर आधीच पळालेला असतो. आणि तो कुठे लपून बसला असेल तर त्याला कोर्टात खेचायला पुरावा लागतो. मातीत कोणते रसायन, किती खोल, कोणत्या काळातले, हे तपासल्याशिवाय ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ ही नुसती घोषणाच राहते. सार्वजनिक पैशाने तपासणी झाली म्हणजे तिचे निष्कर्ष सार्वजनिक दप्तरात जातात, हेही विसरू नये. खासगी खरेदीदाराने केलेली तपासणी व्यवहार फिसकटला की टेबलाच्या खणात जाते, आणि शेजाऱ्याला आपल्या विहिरीबद्दल काहीच कळत नाही.

मालकांचा युक्तिवाद वेगळाच: झाकली मूठ सव्वा लाखाची. तपासले की डाग लागतो, भाव पडतो.

मूठ झाकून ठेवली की काय होते ते पाहा. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खणलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने 1942 पासून सुमारे एकवीस हजार टन रासायनिक कचरा पुरला. 1953 मध्ये ती जमीन तिने शहराच्या शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खाली रसायने आहेत आणि त्यांची जबाबदारी आमच्यावर नाही, असे कंपनीने खरेदीखतात लिहूनही ठेवले होते. मंडळाने शाळा बांधली, भोवती घरे उठली. ऑगस्ट 1978 मध्ये आणीबाणी जाहीर झाली, शाळा बंद झाली, कुटुंबांना घरे सोडावी लागली. मूठ पंचवीस वर्षे झाकलेली होती, आणि झाकणारी एक स्थानिक संस्थाच होती. भाव पडण्याची भीती बाळगणाऱ्यांसाठी उलट बाजूचा आकडाही आहे. हॅनिंगर, मा आणि टिमिन्स यांच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्राउनफील्ड साफ झाल्यावर आसपासच्या घरांचे भाव 5 ते 11.5 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले.

भाव वाढले की भाडेकरू हुसकले जातात, हे मात्र खरे. त्याला मी उत्तर देणार नाही, कारण ते उत्तर घरभाड्याच्या धोरणात शोधायला हवे. गरिबांना परवडावे म्हणून त्यांच्या खिडकीखाली शिसे राहू द्या, असे तर कोणी म्हणणार नाही ना?

या योजनेचे खरे दुखणे टीकाकार क्वचितच बोलून दाखवतात. पहिल्या टप्प्याच्या अहवालाचे मुख्य भाग 180 दिवसांत शिळे होतात. त्यात खरेदी झाली नाही तर ते नव्याने करावे लागतात. मालकाने पाऊल टाकू दिले नाही तर अनुदान असूनही काही करता येत नाही. म्हणून आघाडीने यादी करताना ‘सर्वांत वाईट जागा आधी’ हा मोह टाळावा. जिथे फाटक उघडेल आणि गिऱ्हाईक दिसते आहे, तिथून सुरुवात करावी. हे ऐकायला कमी पवित्र वाटेल, पण पहिल्या दोन जागांवर काही उभे राहिले की तिसरा मालक स्वतःच फोन करतो.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींवर 1991 पासून विकास नियंत्रणाच्या अठ्ठावन्नाव्या नियमावरून केवढी लढाई झाली! ती लढाई वाट्यांची होती: पालिकेला किती, म्हाडाला किती, मालकाला किती. रंगखात्याखालच्या मातीत काय आहे, हे कोणाच्याच मागणीपत्रात ठळक नव्हते. 2025 च्या जुलैमध्ये मात्र केंद्राने दूषित जागांचे नियम काढले आहेत. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचे सहामाही अहवाल द्यायचे, आणि त्यावर 90 दिवसांत प्राथमिक तपासणी व्हायची. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरातून कल्याणला जाते. तिच्या काठावर एक नगरपरिषद आणि दोन महानगरपालिका आहेत. या तिघींनी जिल्हा प्रशासनाकडे तीन वेगळ्या याद्या पाठवल्या तर नदीच्या एका काठाची माती एका फायलीत आणि दुसऱ्याची दुसऱ्या फायलीत जाईल, शिवाय हद्दीवरची जागा तिघींच्याही यादीतून गळेल. एक यादी, एक करार आणि एकच प्रयोगशाळा, एवढी मागणी तिथल्या नगरसेवकांनी पुढचा सहामाही अहवाल जाण्याआधी करायला हवी.