मनोरुग्णाच्या आक्रमकतेचे मूल्यमापन कशासाठी?

बंगळूरच्या होसूर रस्त्यावर ‘निम्हान्स’ ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था आहे. त्याच रस्त्याने बोम्मसंद्र्याकडे जाताना, थोडे आत, परप्पन अग्रहाराचे मध्यवर्ती कारागृह लागते. मानसिक आजार जडलेल्या बंद्यांच्या उपचाराने या दोन संस्था जोडल्या जातात. अशा रुग्णांना पहाऱ्यात ठेवून उपचार करताना कोण केव्हा अंगावर धावून येईल हे आधी ओळखता येते काय, हा प्रश्न परिचारिकांच्या सुरक्षिततेचा जितका, तितकाच रुग्णांच्या स्वातंत्र्याचाही आहे.

पहिला पक्ष असा की, अनुभवी डॉक्टरांची नजर पुरेशी असते. परंतु १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॅक्स्ट्रॉम खटल्यात दिलेल्या निकालानंतर, धोकादायक समजून कडक बंदोबस्तात ठेवलेले न्यूयॉर्क राज्यातील ९६७ रुग्ण साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले, आणि पुढील काही वर्षांत त्यांतील फारच थोडे हिंसक ठरले. नजरेचा अंदाज इतका चुकत असेल, तर त्यावर कोणाचे आयुष्य कोंडणे समर्थनीय नाही.

दुसरा पक्ष गुणपत्रकावर भिस्त ठेवतो. ‘एचसीआर-२०’ या साधनात पूर्वेतिहासाच्या १०, सध्याच्या मनःस्थितीच्या ५ आणि पुढील व्यवस्थेच्या ५ बाबी तपासल्या जातात. साधन उपयुक्त आहे. परंतु त्यातून निघालेला निष्कर्ष म्हणजे भविष्यवाणी नव्हे. समजा, १०० रुग्णांपैकी १० जण आक्रमक होणार आहेत आणि एखादी चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे; तर ती ८ जणांना बरोबर हेरील, पण उरलेल्या ९० पैकी १८ शांत रुग्णांवरही धोक्याचा शिक्का मारील. ज्या शिक्क्यांत चुकीचे दुपटीहून अधिक, त्यांच्या बळावर कोठडीचे दार लावणे हा अन्याय होय.

तिसरा पक्ष म्हणतो की, मूल्यमापनच कलंक लावते, म्हणून ते नकोच. हेतू चांगला असला तरी हा पक्षही टिकत नाही, कारण व्यक्तिगत पारख जेथे नसते तेथे सरसकट बंधन येते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले, ते साखळदंडांनी जखडलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही.

तेव्हा मूल्यमापन हवेच, मात्र ते अल्पमुदतीचे, वारंवार होणारे आणि शुश्रूषेशी बांधलेले हवे. नॉर्वेत विकसित झालेल्या ब्रोसेट सूचीत गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, शाब्दिक धमकी, अंगावर जाण्याचा आविर्भाव आणि वस्तूंची मोडतोड ही सहाच लक्षणे परिचारिका प्रत्येक पाळीत नोंदवते व पुढील २४ तासांपुरता अंदाज बांधते. वॉर्डातील कित्येक झटापटींची सुरुवात नकारातून होते: घरी फोन करू दिला नाही, विडी मिळाली नाही, औषध जबरदस्तीने दिले. म्हणून खूण चढली की परिचारिकेने आधी रुग्णाशी बोलावे, गर्दी हटवावी, मागणीचा विचार करावा, औषधाबाबत डॉक्टरांना विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे ९७ वे कलम हीच मर्यादा घालते: एकांत कोठडी पूर्णतः निषिद्ध, आणि शारीरिक बंधन केवळ तत्काळ इजा टाळण्याचा अन्य उपाय नसेल तेव्हाच, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने, कर्मचारी अपुरे आहेत ही सबब तेथे चालत नाही.

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांनी अशी पाळीनिहाय नोंद सुरू करावी, आणि धोक्याच्या प्रत्येक खुणेपुढे त्या रुग्णासाठी काय केले हेही लिहिण्याची सक्ती करावी. ज्या नोंदीपुढे ही दुसरी ओळ कोरी राहते, ती नोंद रुग्णाच्याही हिताची नाही आणि परिचारिकेच्याही नाही.