दोष फोनचा की ॲपचा?

शिष्यवृत्तीचा अर्ज मी अण्णांच्या दोन जीबी रॅमच्या मोबाईलवर भरत होतो. मागेपुढे जाऊ तसतसा तो जड होत गेला, आणि शेवटी ॲपच बंद पडले. असे तीनदा झाले. “आपलं काम नव्हं रं हे,” अण्णा म्हणाले. ते मला फार लागले.

संगणकशास्त्राच्या मित्राला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, ही ‘मेमरी लीक’ची लक्षणे आहेत. ॲण्ड्रॉइडमध्ये बंद झालेल्या पडद्याची जागा यंत्रणा परत घेते. परंतु प्रोग्राममध्ये कुणी तो पडदा धरून ठेवला असेल, तर तिला तो हलवता येत नाही. मोबाईल नुसता आडवा केला तरी सहसा नवा पडदा उभा राहतो. जुना सुटला नाही तर अडगळ साचतच जाते. पडदा कोणी अडवला आहे, याची साखळी दाखवणारे ‘लीककॅनरी’ हे साधन २०१५ पासून फुकट मिळते.

मग मित्रहो, गळती राहते का? मला वाटते, करणाऱ्याच्या हाती आठ-बारा जीबीचा फोन असतो. त्याला ती जाणवतच नाही. चाचणी आधी अण्णांच्या फोनवर व्हावी!

अर्ज अखेर तालुक्याला जाऊन सायबर कॅफेत भरला. अण्णांचा त्या दिवसाचा रोज बुडाला.