माकडताप आणि मजुराची रोजी

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ भोवतालच्या खेड्यांतील माणसे तापाने अंथरुणाला खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या रोगाचा विषाणू शोधला, तो पसरविणारी गोचीडही ओळखली. पुढे सुमारे पन्नास वर्षे हा ताप मुख्यतः कर्नाटकातील पाच जिल्ह्यांतच राहिला. २०१२ पासून मात्र त्याने वेस ओलांडली. निलगिरी, वायनाड, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग.

गोचीड स्वतः फार दूर जात नाही; उंदीर, माकडे, गुरे तिला वाहून नेतात. रान तोडून बागा आत शिरल्या, त्यांच्यामागून गुरे चरावयास गेली, की पूर्ण वाढीच्या गोचिडींना आयते रक्त मिळते. डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत पाचोळ्यात दडलेली तिची पिल्ले माणसाला चावतात. काजूचा हंगामही त्याच महिन्यांतला. बी वेचावयाची तर पाचोळ्यात हात घालावाच लागतो, आणि तो हात बहुधा मजुरिणीचा किंवा चार-दोन गुंठ्यांच्या धन्याचा असतो.

माकड मेलेले दिसल्यास त्या रानात जाऊ नका, असा आरोग्य खात्याचा सल्ला असतो. सल्ला शास्त्रशुद्धच आहे. परंतु हंगाम बुडाल्यावर चूल कशाने पेटावी, याचे उत्तर त्यात नाही. रोगावर विशिष्ट औषध नाही. शंभरांत तीन ते पाच रुग्ण दगावतात. कर्नाटकात १९९० पासून टोचली जाणारी लस दुबळी होती, वारंवार घ्यावी लागे. अखेर २०२२ मध्ये तिचा वापर थांबला, तोही नवी लस खेड्यांपर्यंत पोचण्यापूर्वीच. हीच गोचीड महानगरांतील बंगल्यांच्या हिरवळीवर निघाली असती, तर दुबळ्या लशीवर तीन दशके कोणी समाधान मानले असते काय?

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, विशेष धोक्याच्या कामातून जडणाऱ्या संसर्गजन्य रोगांना व्यवसायजन्य मानण्याची सोय होती. त्याच न्यायाने माकडताप हा काजूबागेतील मजुराचा व्यवसायजन्य रोग ठरला पाहिजे. माकड मेल्यामुळे बाग बंद ठेवावी लागली, तर त्या दिवसांची मजुरी सरकारने भरावी. दोडामार्ग-सत्तरीतील कार्यकर्त्यांनी आजवरच्या रुग्णांची नोंद, ते कोणत्या बागेत व कोणाकडे राबत होते यासह, हंगामापूर्वी तहसील कचेरीत दाखल करावी. ताप आल्याची नोंद दवाखान्यात होते. बागेचे नाव तेथे कोणी विचारीत नाही.