कोर्स, पेग आणि रिकामी जाळी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. दोन महिने लेकीकडे इंग्लंडात, लेस्टरला होते. परत येऊन पंधरवडा झाला तरी अंगातली थंडी काही गेलेली नाही. निघताना लेकीने एक प्रश्न विचारला होता. विमानतळावरच्या घाईत मी तिला धड उत्तर दिलं नाही. तेच आज लिहून काढते. तिलाही वाचता येईल आणि तुम्हांलाही.

झालं असं, की जाण्याआधी तिचा फोन आला होता. आवाज खरखरत होता. "आई, आलीस की त्याला जरा समजाव. प्रत्येक रविवारी कोर्स..." पुढचं ऐकूच आलं नाही. माझा सगळा जन्म शाळेत गेला. चौदा वर्षांचा नातू रविवारीही कोर्सला जातो आणि आई तक्रार करते, हे काही माझ्या पचनी पडेना. तिकडे पोचल्यावर उलगडा झाला. कोर्स म्हणजे 'कोर्स फिशिंग'. पोरगं रविवारी तळ्यावर मासे पकडायला जातं, तेही स्पर्धेत, तेही जानेवारीच्या थंडीत!

त्या देशात गोड्या पाण्यातल्या माशांतही जातपात आहे म्हणायची. सामन आणि ट्राउट हे 'गेम' मासे, म्हणजे खानदानी. उरलेले रोच, पर्च, ब्रीम, टेंच, कार्प हे सगळे 'कोर्स', म्हणजे आपल्या भाषेत जाडेभरडे. खाणकामगार, गिरणीकामगार यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपले रविवार या जाड्याभरड्या माशांपायी काढले. आमचा नातू त्यांच्यातलाच एक झाला आहे.

मी खाडीकाठची. माझा भाऊ गरी घेऊन धक्क्यावर बसायचा, संध्याकाळी शेंगटी नाहीतर पालू घेऊन यायचा आणि आई कालवण करायची. मासे गरवणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पण इथे पाच तास बसून मासे पकडायचे, जाळीत जिवंत ठेवायचे, शेवटी वजन करायचं आणि सगळेच्या सगळे परत तळ्यात सोडून द्यायचे!

"मग जेवायला काय?" मी विचारलं.

"सँडविच," नातू म्हणाला.

शेवटी एका रविवारी मीच त्याच्याबरोबर गेले. अंगावर दोन स्वेटर, जावयांचा कोट, डोक्याला मफलर. गवत दहिवराने पांढरं झालं होतं आणि तळ्याच्या कडेला बर्फाचा पातळ पापुद्रा होता. आधी सगळ्यांनी एका पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या. नातू धावत आला, "आजी, मला एकवीस नंबरचा पेग मिळाला!" माझे डोळे विस्फारले. मग कळलं, की पेग म्हणजे काठावरची ठरलेली बसायची जागा. प्रत्येक जागेला आकडा असतो आणि चिठ्ठीत येईल तिथेच बसायचं, तक्रार चालत नाही. शेजारचे एक आजोबा एकवीस आकडा ऐकून नुसतेच हसले. ती जागा उथळ पाण्याची होती.

उथळ पाणी वाईट का, तेही त्याने मला समजावून सांगितलं. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून थंडीत त्या तापमानाचं पाणी तळाशी जाऊन बसतं. वरती बर्फ असला तरी खोलात त्यातल्या त्यात ऊब असते आणि मासे तिकडे गोळा होतात. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर हे दरवर्षी शिकवायचे. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवताना भिंतीपलीकडून ऐकायचे. पण त्या नियमावर कुणाचा अख्खा रविवार अवलंबून असतो, हे मला पंचाहत्तरीत कळलं.

दहाला शिट्टी झाली. रिळाशिवायचा तो लांबलचक कार्बनचा सोटा तुकडे जोडत पुढे सरकवायचा. मोठ्या माणसांचा सोळा मीटरपर्यंत असतो, नातवाचा अकराचा. गळाला एकच अळी. थंडीत माशांची भूक मंदावते, म्हणून चारा टाकायचा तोही दोन-तीन अळ्या, सोट्याच्या टोकाला लावलेल्या इवल्याशा वाटीतून. जास्त टाकल्या तर मासे त्यांवरच भागवतात आणि गळाकडे बघत नाहीत. उन्हाळ्यात अशा तळ्यांवर एकेकजण शंभर पौंडांपर्यंत मासे पकडतो म्हणे. त्या दिवशी जिंकणाऱ्याचं वजन होतं सात पौंड आणि काही औंस.

आणि आमच्या नातवाचं? शून्य. पाच तासांत एकदा तरंगकाडी बुडाली, त्याने सोटा उचलला, गळ रिकामा. तीन वाजता शिट्टी झाली, वजनकाटा घेऊन माणसं काठाने फिरत आली आणि त्याने जाळी उचलून दाखवली. नुसतं पाणी निथळत होतं. कुणी हसलं नाही. शेजारचे आजोबा, तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केलेले, एवढंच म्हणाले, की एकविसावर त्यांचीही जाळी कोरडी राहिली असती. मग त्यांनी त्याला विचारलं, तू खोली किती ठेवली होतीस? आणि पंचाहत्तरीचा म्हातारा व चौदाचा मुलगा एकमेकांशी बरोबरीने बोलत बसले. घरी येताना गाडीत नातवाने वहीत लिहिलं : तारीख, पेग, खोली, वारा कुठून, काय चुकलं.

आता माझ्या मनात काय आलं ते सांगते. या खेळात नशिबाचा भाग असतो हे ते लोक लपवत नाहीत. सकाळी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढतात. शिवाय तळ्याचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागातल्या पहिल्याला वेगळं बक्षीस असतं. म्हणजे उथळ पाण्यात बसलेल्याची तुलना उथळ पाण्यातल्याशीच होते.

आमच्या शाळेत निकालाच्या दिवशी गुणवंतांची नावं मी वाचायचे. सलग बावीस वर्षं वाचली. माझ्या वर्गात एक मुलगी होती. पहाटे आईबरोबर माशांच्या लिलावाला जायची, टोपली डोक्यावरून आणून घरी टाकायची आणि मग शाळेत यायची. रात्री अभ्यासाला दिवा नाही. दहावीला गणितात चार गुणांनी गेली. त्या दिवशी मी स्टेजवरून जी नावं वाचली, त्यांत डॉक्टरांचा मुलगा होता, मामलेदारांची मुलगी होती. पोरं हुशार होती, मेहनती होती, त्यांचं श्रेय मी काढून घेत नाही. पण ती सगळी खोल पाण्यात बसलेली होती. चिठ्ठी त्यांच्या जन्माच्या वेळीच निघाली होती आणि स्टेजवर तिचा उल्लेख कुणी केला नाही. मीही नाही. त्या मुलीला मी बोलावून एवढंसुद्धा म्हटलं नाही, की बाई, तुझ्या जागेवर मी असते तर माझीही जाळी कोरडी राहिली असती. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. पुन्हा परीक्षेला बसली नाही.

खाणीतल्या त्या म्हाताऱ्याला जे सुचलं ते मला, बीए-बीएड झालेल्या बाईला, सुचलं नाही. हे मला त्या तळ्याकाठी फार लागलं.

म्हणून लेकी, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे, की त्याला जाऊ दे. पाच तास थंडीत बसून, काही न मिळता, न चिडता, काय चुकलं ते लिहून ठेवणारा मुलगा अभ्यासात मागे पडेल याची मला भीती वाटत नाही. महिन्यातले दोन रविवार तळ्याचे, उरलेले पुस्तकांचे. हे त्यानेही कबूल केलं आहे.

उरलेलं अर्धं उत्तर त्याला आवडणार नाही. त्या माशांचं काय?

मी मासे खाणारी बाई. मला हा प्रश्न विचारायचा अधिकार आहे का, असं त्याने मला तोंडावर विचारलं. बरोबर विचारलं. पण माझ्या भावाने पकडलेला मासा कुणाच्या तरी पोटात गेला. इथे त्याच्या ओठात गळ जातो तो आपल्या मनोरंजनासाठी. माशाला वेदना होतात की नाही यावर शास्त्रज्ञ अजूनही वाद घालतात, पण २००३ साली स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असतात हे दाखवून दिलं. ब्रिटनच्याच २०२२ च्या कायद्याने मासे धरून सगळ्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना संवेदना असते असं मान्य केलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर परत सोडून देण्याच्याच हेतूने मासे पकडायला मनाई आहे. पकडलात तर खा, असा त्यांचा न्याय. माझ्या आईला तो पटला असता.

तळ्यावरची माणसं निर्दय आहेत असं मी म्हणणार नाही. गळाला उलटा काटा नसतो, मासा ओल्या हातानेच धरतात. पूर्वी शिशाचे बारीक छर्रे वापरत, ते गिळून हंस मरत. १९८७ पासून त्या छर्ऱ्यांची विक्री बंद झाली आणि खेळ काही बंद पडला नाही. म्हणजे हा खेळ बदलू शकतो.

नातवाला मी जाऊ नको म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, की सोळाव्या वर्षापर्यंत या प्रश्नाचं उत्तर तुझं तू शोध आणि त्याच वहीत लिही. आजीला काय वाटतं ते तुला माहीत आहे. तुला वेगळं वाटलं तर मला कारणांसकट कळव.

काल त्याचा फोन आला होता. या खेपेला चौदा नंबरचा पेग, खोल पाणी, तीन पौंड दोन औंस, आपल्या भागात दुसरा. मी विचारलं, "आणि एकवीसवर कोण होतं रे?"

"एक नवीन मुलगा. कोरडा गेला," तो म्हणाला. "मी त्याला माझी वही दाखवली."

असो. चहा निवाला. तुमच्या आयुष्यातला एकवीस नंबरचा पेग कोणता, ते जरूर कळवा.