छंदाची भूक आणि सह्याद्रीची बिळे

महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाट, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी आणि खेडकडे उतरणारा कशेडी हे तिन्ही घाट प्रवाशांना ठाऊक असतात ते दरडी, धुके आणि धबधबे यांसाठी. या रस्त्यांच्या कडेला मातीचे जे उभे उतार कापलेले दिसतात, त्यांच्याकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. पश्चिम घाटात अशाच ओलसर, सावलीतल्या उतारांमध्ये टॅरेंटुला कुळातील मोठे केसाळ कोळी बिळे करून राहतात. बिळाच्या तोंडाशी रेशमी धाग्यांचे अस्तर असते. मादी आपले बहुतेक आयुष्य त्या एका बिळात काढते. पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रौढ नर मादीच्या शोधात बाहेर पडतो, कधी घराच्या ओटीवर येतो आणि बहुधा चपलेखाली संपतो.

गावात चपलेचा धनी होणारा हा जीव शहरात, आणि त्याहून अधिक परदेशात, पैसे मोजून विकत घेतला जातो. युरोप-अमेरिकेत टॅरेंटुला पाळण्याचा छंद गेल्या चार-पाच दशकांत रुजला. ब्रिटनमध्ये 1980च्या दशकात या छंदिष्टांची स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि तिचे नियतकालिकही निघू लागले. भारतातही हा छंद आता पोहोचला आहे. हा छंद विचित्र की सुंदर, हा वाद येथे गौण आहे. एका कोळ्यापासून सुरू होणारी हौस पन्नास डब्यांपर्यंत का जाते, आणि त्या पन्नास डब्यांचा भार शेवटी कोणत्या डोंगरावर पडतो, हा खरा प्रश्न आहे.

एकावर थांबत नाही, ते का?

कुत्रा पाळणाऱ्याला कुत्रा रोज काही ना काही परत देतो. तो शेपटी हलवतो, रुसतो, वाट पाहतो. टॅरेंटुला यातले काहीच करत नाही. तो मालकाला ओळखत नाही. आठवड्यातून एखादे झुरळ किंवा रातकिडा त्याला पुरतो आणि कात टाकण्यापूर्वी तो कित्येक आठवडे खात नाही. जमिनीत राहणाऱ्या जातीचा कोळी पाळला, तर मालकाला महिनोन्‌महिने दिसते ती फक्त डब्यातली माती. त्यामुळे या छंदातील उत्कंठा पाळण्याच्या कृतीतून निघून मिळवण्याच्या कृतीत जाते. नवा डबा उघडण्याचा क्षण, नवे लॅटिन नाव, नवा रंग यांतच आनंद उरतो. तो ओसरला की पुढच्या डब्याची ओढ लागते. छंदिष्ट स्वतःच या ओढीला थट्टेने व्यसन म्हणतात. त्या थट्टेत बरेच तथ्य आहे.

या ओढीला अडवणारे अडथळेही फारसे नाहीत. जागा लागते ती फडताळातील एका फळीची. आवाज नाही, वास नाही, फिरायला नेणे नाही, पशुवैद्य नाही. मोठी मादी महाग असली तरी नखाएवढी पिल्ले स्वस्त मिळतात. त्यात आणखी एक मेख आहे. पिल्लू नर की मादी हे लहानपणी कळत नाही. मादी पंधरा-वीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. नर मात्र काही वर्षांत प्रौढ होतो आणि त्यानंतर लवकरच मरतो. त्यामुळे एक मादी हवी असेल तर चार पिल्ले घ्यावीत, हा या छंदातील व्यवहार ठरतो. पिल्लू वाढू लागले की त्याने टाकलेली कात भिंगाखाली तपासून मादी ओळखली जाते. मादी निघाली की नर शोधणे आले. जोडी जमली की एका अंडकोशातून डझनावारी, काही जातींत शेकड्यांनी पिल्ले बाहेर पडतात. एवढी पिल्ले कोण सांभाळणार? ती विकली जातात किंवा त्यांच्या बदल्यात दुसऱ्या जाती घेतल्या जातात. अशा रीतीने ग्राहकाचा विक्रेता होतो. विक्रेता झालेल्या माणसाला छंद सोडणे अधिक जड जाते.

तिकिटे किंवा नाणी जमवणाऱ्यालाही मालिका पूर्ण करण्याची हौस असतेच. त्या हौसेने टपाल खात्याचे काही बिघडत नाही. येथे मात्र मालिकेतील प्रत्येक घर म्हणजे एक सजीव जात आहे आणि तिचा पुरवठा कोणत्याही छापखान्यातून होत नाही.

निळ्या कोळ्याची गोष्ट

या मागणीचा भारतातील सर्वांत बोलका दाखला आंध्र प्रदेशातील निळ्या टॅरेंटुलाचा आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी 1899 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करून पॉइसिलोथेरिया मेटॅलिका असे नाव दिले. त्याचा नमुना गुत्ती येथे, रेल्वेच्या आवारातील लाकडांत मिळाला होता. लाकडाबरोबर तो दुरून आला असावा, असे मानले जाते. त्यानंतर शंभर वर्षे त्याचा मागमूस नव्हता. 2001 मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या राखीव जंगलात तो पुन्हा आढळला. त्याचे ज्ञात अधिवासक्षेत्र शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही कमी असल्याने 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले.

इकडे जंगलात तो मुश्किलीने सापडत असताना तिकडे परदेशी संग्राहकांच्या फळ्यांवर मात्र त्याची पिल्ले वाढू लागली. आज तो जगातील सर्वांत परिचित पाळीव कोळ्यांपैकी एक आहे. सुरुवातीला शेकडो डॉलर मोजावे लागत. घरोघरी प्रजनन होऊ लागल्यावर भाव उतरले. छंदाचे समर्थक हा आपला मोठा युक्तिवाद म्हणून पुढे करतात: बंदिवासात पैदास झाली की जंगलावरचा ताण घटतो. यात तथ्य नाही असे नाही. एखाद्या जातीपुरते ते खरे ठरू शकते. मात्र पहिली जोडी देशाबाहेर कशी गेली, हा प्रश्न त्या युक्तिवादात कुठेच येत नाही. शिवाय एक जात स्वस्त आणि सर्रास झाली की संग्राहकाला तिचे अप्रूप राहत नाही. त्याची नजर पुढच्या दुर्मिळ, अद्याप कोणाकडेच नसलेल्या जातीकडे वळते. पैदाशीने एक भूक भागते आणि दुसरी जागी होते.

मलेशियातील सारावाक येथील प्रकरणाने हेच दाखवले. निळ्या पायांचा एक नवा टॅरेंटुला तेथून युरोपीय छंदिष्टांनी परवानगीविना नेल्याचे आणि त्याच नमुन्यांवरून 2019 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाल्याचे उघड झाले, तेव्हा मोठा वाद झाला. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार कोळी, विंचू आणि त्यांच्या नातलगांच्या बाराशेहून अधिक जाती व्यापारात आहेत. टॅरेंटुलाच्या ज्ञात जातींपैकी तर सुमारे निम्म्या विकल्या जातात. यातील बहुसंख्य जातींवर कोणतेही आंतरराष्ट्रीय नियंत्रण नाही.

टपालाच्या पेटीतून

ही वाहतूक कशी चालते, याची झलक चेन्नईत मिळाली. जुलै 2021 मध्ये तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेले एक टपाल उघडले. आत चंदेरी कागद आणि कापसात गुंडाळलेल्या 107 छोट्या प्लास्टिकच्या कुप्या होत्या आणि प्रत्येक कुपीत एकेक जिवंत कोळी होता. पत्ता तमिळनाडूतील अरुप्पुकोट्टई या गावचा होता. तज्ज्ञांच्या प्राथमिक अंदाजानुसार ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडील टॅरेंटुला होते. ती पेटी पोलंडला परत पाठवण्याचा निर्णय झाला. हा पत्ता एखाद्या महानगरातला नव्हता, तर तालुक्याच्या गावचा होता. महाड किंवा पोलादपूरसारख्या गावांना हा छंद दूरचा वाटण्याचे दिवस संपले, असा याचा अर्थ आहे.

कायद्याची स्थिती काय? संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात मेक्सिकोच्या लालगुडघी कोळ्याचा समावेश 1985 मध्येच झाला. भारत आणि श्रीलंकेत आढळणारा पॉइसिलोथेरिया हा संपूर्ण गट मात्र 2019 च्या जिनिव्हा परिषदेत, श्रीलंका आणि अमेरिका यांच्या प्रस्तावावरून त्या यादीत आला. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि सायटिसमधील प्रजातींसाठी स्वतंत्र चौथी अनुसूची तयार झाली. अशा प्राण्यांची नोंदणी, त्यांचे जन्म-मृत्यू आणि हस्तांतर कळवणे यांसाठीचे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये निघाले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते, त्यांना नोंदणीसाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली.

ही व्यवस्था योग्य दिशेची आहे, परंतु तिला दोन मोठी भगदाडे आहेत. पहिले म्हणजे, यादीत नाव असलेल्या जातींनाच तिचे संरक्षण मिळते. सह्याद्रीच्या मातीत बिळे करणारे कित्येक टॅरेंटुला सायटिसच्या कोणत्याही परिशिष्टात नाहीत. दुसरे म्हणजे, नखाएवढ्या पिल्लाची जात ओळखणे तज्ज्ञालाही कठीण जाते. टपाल कार्यालयातील कर्मचाऱ्याने किंवा तपासणी नाक्यावरील वनरक्षकाने ती ओळखावी, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

रायगडच्या डोंगरात काय पणाला लागले आहे

रायगड जिल्ह्यालाच या कोळ्यांच्या इतिहासात स्थान आहे. माथेरानच्या डोंगरावरील झाकणदार बिळात राहणाऱ्या एका टॅरेंटुलाचे वर्णन पोकॉक यांनी 1899 मध्ये केले होते. एका शतकाहून अधिक काळानंतर महाराष्ट्रातील तरुण संशोधकांनी तो पुन्हा शोधला आणि त्याच्या सवयींची नोंद केली. गेल्या दोन दशकांत पश्चिम घाटातून टॅरेंटुलाच्या नव्या जातीच नव्हे, तर नवे वंशही शास्त्रात दाखल झाले आहेत. मुंबई-पुण्याच्या इतक्या जवळच्या डोंगरांतून आजही नवे जीव सापडतात, याचाच अर्थ सापडायचे अजून पुष्कळ बाकी आहे.

धोका नेमका येथे आहे. जमिनीत राहणाऱ्या टॅरेंटुलाची मादी प्रौढ व्हायला अनेक वर्षे घेते, आपले बीळ सहसा सोडत नाही आणि तिची पिल्ले फार दूर पांगत नाहीत. त्यामुळे एखाद्या उतारावरची वस्ती ही बहुधा त्या उतारापुरतीच असते. कोणी कुदळ घेऊन एका दुपारी दहा-पंधरा प्रौढ माद्या उकरून नेल्या, तर तो उतार कित्येक वर्षे ओस पडू शकतो. ती जात शास्त्राला अज्ञात असेल, तर नाव मिळण्यापूर्वीच ती गेलेली असेल. पिल्लांची विक्री करणाऱ्याला नेमका ‘हा कोणत्या घाटातला’ हा तपशील हवा असतो, कारण स्थळाच्या नावाने भाव वाढतो. म्हणून शोधाच्या बातमीत बिळाचा अचूक ठावठिकाणा देण्याचा मोह अभ्यासकांनी आणि वार्ताहरांनीही टाळला पाहिजे.

संग्राहक हा एकमेव शत्रू आहे असे मानणे मात्र अन्यायाचे ठरेल. महामार्गाचे रुंदीकरण झाले, कशेडीत बोगदे झाले. जुलै 2021 मध्ये तळिये गावावर कोसळलेल्या दरडीने आणि पोलादपूर तालुक्यातील दुर्घटनांनी जे बळी घेतले, त्यानंतर उतार कापणे, जाळ्या बसवणे, भिंती उभारणे या कामांची निकड कोणीही नाकारणार नाही. माणसाचा जीव पहिला. तरीही या कामांत मातीचे जुने उतार जातात, वणव्यात झाडांच्या ढोली जळतात आणि जे उरते ते अधिक दुर्मिळ, म्हणूनच संग्राहकाला अधिक हवेसे होते. अधिवासाचा ऱ्हास आणि संग्रहाची हाव हे दोघे असे एकमेकांना बळ देतात.

उपाय कोठून सुरू होईल? जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते. या नोंदवहीत आंबा, सागवान, औषधी वनस्पती येतात. कोळी क्वचितच येतो. तो यावा. परदेशी व्यक्तीला येथील जैविक साधने परवानगीविना नेता येत नाहीत, हेही याच कायद्याने ठरवले आहे. 2008 मध्ये दार्जिलिंगच्या सिंगालीला परिसरात कीटक गोळा करणाऱ्या दोन चेक नागरिकांवर झालेली कारवाई हे दाखवते की, स्थानिक यंत्रणा जागी असेल तर कायदा कागदावर राहत नाही. ‘मोठे काळे कोळी कुठे मिळतात’ असे विचारत, पैसे देऊ करत कोणी वाडीवर आला, तर त्याचा अर्थ काय हे वाडीतील पोराला ठाऊक असणे कोणत्याही तपासणी नाक्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

नावडत्या जीवासाठी लोक उभे राहणार नाहीत, हा समज महाडनेच खोटा ठरवला आहे. गिधाडापेक्षा नावडता पक्षी कोणता? तरीही महाडच्या सिस्केप या संस्थेने म्हसळा तालुक्यातील चिरगावसारख्या गावांना सोबत घेऊन गिधाडांची घरटी राखली. तेथे गावकऱ्यांना गिधाड सुंदर वाटू लागले म्हणून हे घडले नाही; ते आपल्या डोंगराचे आहे, हे त्यांना पटले म्हणून घडले.

टॅरेंटुलाबाबतही एवढेच पुरेसे आहे. त्याला हातावर घेण्याची गरज नाही आणि त्याला चिरडण्याचीही गरज नाही. ज्याला कोळ्यांची खरोखर ओढ आहे, त्याने पावसाच्या तोंडावर रात्री विजेरी घेऊन उताराजवळ थांबावे, बिळाच्या तोंडाशी आलेले पाय पाहावेत, छायाचित्र घ्यावे आणि घरी परतावे. पाहण्याची हौस कितीही वाढली तरी डोंगर रिकामा होत नाही. डब्यांची फळी मात्र कधीच भरत नाही, आणि ती भरण्याच्या नादात उतारावरचे एकेक बीळ ओस पडत जाते.