ग्रंथालये बंद नकोत, त्यांची दारे रुंद करा



'सगळे ज्ञान मोबाइलवर आले, आता सार्वजनिक ग्रंथालयांवर खर्च कशाला?' हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच मान्य नाही. मोबाइलवर शोधनिबंधाचा सारांश फुकट दिसतो. पूर्ण निबंधासाठी बहुतेकदा प्रकाशक पैसे मागतो आणि ते एकट्या वाचकाला झेपत नाहीत. यावर उपाय म्हणून केंद्राने नोव्हेंबर २०२४मध्ये शोध-नियतकालिकांच्या एकत्रित वर्गणीची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके. पाऊल स्वागतार्हच. पण लाभ सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांपुरता. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, निवृत्त शिक्षक, स्वतःच्या हिमतीवर बियाण्यांचा अभ्यास करणारी शेतकरीण, हे सगळे बाहेरच राहिले.

ई-पुस्तकांचेही तसेच. ग्रंथालयाला अनेकदा मिळतो तो मुदतीचा परवाना. छापील प्रत मात्र कोणी परत मागत नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७पासून आहे. त्याखालच्या प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेचा निदान एक संगणक सर्वांसाठी खुला व्हावा, ही मागणी वाचकांनी आपापल्या खासदारांकडे लावून धरावी.

– ग्रंथालयाचा एक सभासद, सातारा