वीज गेली, फोनही गेला

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्याकडे फायबर आलं. जुनी तांब्याची तार काढून कंपनीच्या मुलाने काळ्या केबलमधला केसासारखा धागा घरात आणला, भिंतीवर पांढरा मोडेम ठोकला, मोबाईलवर आकडा दाखवला आणि म्हणाला, "बघा काका, शंभर एमबीपीएस!" २००४ साली सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस असं ठरलं होतं. त्याच्या जवळजवळ चारशेपट! नातवाचा चेहरा आता व्हिडिओवर अडकत नाही, त्यामुळे वेगाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती न सांगितलेल्या गोष्टीची. तांब्याच्या तारेतून नुसता आवाज येत नसे, फोनपुरती वीजही येत असे. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या ती पुरवत. म्हणून तर भारनियमनात सगळं घर अंधारात असलं तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन ऐकू यायचा. फायबरमधून येतो तो प्रकाश. मोडेम चालतो आपल्या घरच्या विजेवर. वीज गेली की इंटरनेट बंद आणि त्याला जोडलेला घरचा फोनही बंद.

"मोबाईल आहे ना!" असं तुम्ही म्हणाल. आहे की. पण आमच्या घरात रेंज फक्त गॅलरीत येते. सौ.ला हृदयविकार आहे, गुडघेही धरलेत. रात्री काही झालं तर हाताशी असतो तो पलंगाशेजारचा फोन. मी विचारलं तेव्हा तो मुलगा म्हणाला, "लाइट गेल्यावर नाही चालणार काका. कुणी विचारत नाही." मुलगा भला होता, त्याला दोष नाही. पण विचारायला आधी माहीत तर असायला हवं! अर्जावर वेगाचे, दराचे आकडे ठळक छापतात, तिथेच हे एक वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरात छापायला काय हरकत आहे? ज्या घरात दोन म्हातारी माणसंच राहतात तिथे तर ते वाचून दाखवायला हवं.

असो. इन्व्हर्टर नसेल तर मोडेमसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना मोडेमच्या अ‍ॅडॉप्टरवर काय लिहिलंय ते बघा. आमच्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर आहे. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. आणि आणल्यावर दिवसाच एकदा मेन स्विच बंद करून फोन लावून बघा.